टाकाऊ ढिगातला कुरुंद

उभा जन्म मी भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे आपल्याला दगड कळतो असा माझा ठाम समज. त्या रविवारी एका शिंप्याने तो पार खोटा ठरवला.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या आमच्या मराठी मंडळींना मी वर्षातून एकदा शहराबाहेर ओळखीच्या एका शेतात कुरुंदाचे, म्हणजे माणकाच्या जातीचे, स्फटिक खणायला नेते. नांगरणी झाली की मालक खुशाल खणू देतो. येणारे सगळे नवशिके. यंदा पुण्याकडची नोकरदार जोडपी होती, आणि देवराज मोहल्ल्यातले एक शिंपीकाका, पिढ्यान्पिढ्यांचे म्हैसूरकर. नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून उन्हाळ्यात दुकान मुलीने हातात घेतलं. तेव्हापासून आपण आता कशाच्याही कामाचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मुलीनेच बळेबळे आणलं. बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, परत कधी निघायचं?

खड्ड्यात पडतील या धास्तीने मी त्यांना चिंचेखाली बसवलं. आमचा टाकाऊ ढीगही तिथेच. पद्धत अशी, की चाळणीत उरेल ते मला दाखवायचं आणि मी नाही म्हटलं की ढिगावर फेकायचं. पण नवशिक्यांना चकाकेल तेवढंच दिसतं! दुपारपर्यंत अभ्रकाने आणि गारगोटीने पिशव्या भरल्या. अहो, कुरुंद चकाकत नाही, मळकट ढेकळासारखा दिसतो, किती वेळा सांगू? सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी तर मी वैतागून धड न बघताच टाका, टाका म्हणत सुटले.

काका ढिगाशी काहीतरी चाळा करत होते. वेळ जात नसेल बिचाऱ्यांचा, असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. हातात सुपारीएवढं, मातीने लडबडलेलं ढेकूळ होतं. कापडाची शिवण चाचपावी तसं ते बोटांत फिरवत होते.

"हे जड आहे, अक्का. आणि आरू बाजू आहेत. सहा. मोजा."

एक पुणेकर बाई लगेच म्हणाल्या, हे मी दाखवलं होतं, तुम्हीच टाकायला लावलंत. मी मोजलं. सहा. पुन्हा मोजलं, पुन्हा सहाच, कुरुंदाच्या असतात तेवढ्याच. बाटलीतलं पाणी ओतलं, तर मातीखालून जांभळट लाल रंग वर आला. त्याच बाईंच्या पिशवीतली सगळ्यांत मोठी गारगोटी घेतली आणि तिच्यावर तो खडा ओढला. चर्रकन ओरखडा उठला. गारगोटीहून कठीण, म्हणजे कुरुंदच! मी अशी ओरडले की शेतमालक धावत आला. लाज वाटली, आणि आनंद तर पोटात मावेना.

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"कॉलरचं टोक नीट आलं की नाही, ते मी डोळ्यांनी कधी बघितलंच नाही," काका म्हणाले.

मग काय, माझ्यापुढची रांग मुकाट्याने चिंचेखाली सरकली. चाळणीतलं आता सगळे त्यांना दाखवू लागले, आणि मीही त्या रांगेत उभी राहिले. त्यांची मुलगी झाडामागे जाऊन ओढणीने डोळे पुसत होती.

चार वाजता बसवाल्याने हॉर्न दिला. मुलगी म्हणाली, अप्पा, चला, निघायचंय. काकांनी मानही वर केली नाही.

"ढीग अजून निम्मा आहे," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."