सड्यावरचा काटकोन

काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास आला की मला शाळेवरच्या डोंगरमाथ्याचा तो कातळाचा सडा आठवतो. तेव्हा शाळेत नेट नव्हतं, म्हणून शिक्षणाधिकारी साहेबांच्या ऑनलाइन मीटिंगसाठी आम्ही सगळे शिक्षक सड्यावर, काजूखाली मोबाइल धरून उभे. विषय होता मुलांची गुणवत्ता. दहावीचा भूमितीचा पेपर दुसऱ्याच दिवशी, आणि शाळेत शिकवायला कोणी नाही. शेवटी पोरंच चढून वर आली. "सर, स्पर्शिकेचा प्रमेय माका अजून कळाक नाय. आधी ता सांगा, मगे साहेबांका बघीत रवा," एक मुलगी धापा टाकत म्हणाली. मी मोबाइल फांदीच्या बेचक्यात ठेवला, कातळावर खडूने वर्तुळ काढलं आणि साहेबांच्याच नाकातल्या आवाजात म्हटलं, "त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातील कोनाचा अहवाल तातडीने सादर करा." पोरं खिदळत ओरडली, "काटकोन, साहेब!" माझा माइक चालूच होता. मोबाइलमधून खरे साहेब म्हणाले, "तो मुलांचा आवाज आधी बंद करा." हेडमास्तरांनी माझा माइक बंद केला आणि हळूच म्हणाले, "तू शिकव रे, साहेब खंय पळतत?" आता शाळेत नेट आलंय, मीटिंगाही वाढल्यात. मी वर्गातच कॅमेऱ्यासमोर चुळबुळत बसतो, आणि पोरं वह्या उघडून माझ्याकडे बघत बसतात.