पान अकरावरचा ओटा

मी एका स्त्री-संघटनेसाठी पत्रकं लिहिते. मजकूर एका पानाच्या वर गेला की लोक त्यात वडे गुंडाळतात, हे संघटनेत मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. त्यामुळे बेलापूरला एका वकीलबाईंकडे अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आणि त्यांचं ते सारांश काढणारं सॉफ्टवेअर पाहिलं, तेव्हा मला ते आमच्यातलंच वाटलं. घटस्फोटाच्या तडजोडीचा करारनामा चौदा पानांचा असो की चाळीस, अर्ध्या मिनिटात एका पानावर. पोटगी, मुलांचा ताबा, घर, स्त्रीधन, मालमत्ता. पाच रकाने, विषय संपला.

मॅडम साठीच्या. भाचीने ते कॉम्प्युटरवर बसवून दिलं म्हणून त्यांनी ठेवलं होतं, इतकंच. त्या सारांश बघायच्या, बाजूला ठेवायच्या आणि अशिलासमोर अख्खा करारनामा ओळीखाली पट्टी सरकवत मोठ्याने वाचायच्या. "हे फार घाईत असतं," त्या म्हणायच्या, "तुझ्यासारखंच." मी चिडायचे. त्या मग त्यांच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्याकडे सरकवायच्या.

एका सकाळी करावे गावातून सासू-सून आल्या. घटस्फोट मुलाचा, आणि त्याची आई सुनेसोबत आमच्या ऑफिसात. भांडण उरलं नव्हतं, संमतीने वेगळं व्हायचं ठरलं होतं. मॅडमच्या मसुद्यावरून नवऱ्याच्या वकिलांनी केलेली करारनाम्याची शेवटची प्रत आली होती, त्यावर सह्या व्हायच्या होत्या. सुनेला एकच गोष्ट हवी होती. मासळी बाजारातला सासूचा ओटा. सासूचे गुडघे गेल्यापासून त्यावर मासळी विकायला सूनच बसत होती. त्यांच्या घरात ओटा सासूकडून सुनेकडे जातो, मुलाचा त्यात संबंध नसतो. सासूलाही तो तिच्या सासूनेच दिलेला. घर नवऱ्याकडे आणि ओटा हिच्याकडे, असं त्याने तोंडी कबूल केलं होतं. ओटा गेला तर हिच्या हातात काहीच उरणार नव्हतं.

मॅडम कोर्टात अडकल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "मी येतेच, तोवर त्यांना वाचून दाखव. पूर्ण."

मी 'हो' म्हटलं आणि सारांश वाचला.

"पतीच्या कुटुंबाच्या मालमत्तेवर पत्नीचा कोणताही हक्क राहणार नाही," शेवटचा रकाना संपला.

"आनि ओटा?" सासूने विचारलं.

"ओट्याचं काही नाही, मावशी."

"नाय म्हंजे?"

"लिहिलेलंच नाही."

सुनेने पिशवी उचलून मांडीवर घेतली, निघायच्या तयारीने.

माझं डोकंच फिरलं. सरळ नवऱ्याच्या वकिलांना फोन लावला. बाईचे कष्ट दिसत नाहीत का तुम्हाला, तोंडी कबूल करून कागदावर गिळून टाकता, वगैरे. अख्खं पत्रक ऐकवलं. ते म्हणाले, "झालं? पान अकरा, कलम एकोणीस. वाचायचं असतं हो, ताई."

पान अकरा उघडलं. होतं तिथे. तशीच मोठ्याने वाचायला लागले. पत्नी सदर ओट्यावर बसून मासळी विकेल, पती व त्याचे कुटुंबीय हरकत घेणार नाहीत, मात्र पत्नीचा पुनर्विवाह होईपर्यंतच.

"हे 'मात्र' माझ्या मसुद्यात नव्हतं," दारातून आवाज आला. मॅडम चपला काढत होत्या.

"म्हंजे काय गो?" सासू माझ्याकडे वळली.

"हिने दुसरं लग्न केलं तर ओटा परत द्यायचा."

सासूने मोबाईल काढला, मुलाला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय रं, मासली इकायला नवरा लागतो काय?"

"आय, वकिलानी टाकला तो..."

"तुजा बापूस गेला तवा तुज्या आजीनं मना उठवला नाय ओट्यावरशी. हिनं लगीन केला तर मी जेवाला जाईन. खोड तो."

"तू हायस कोनाच्या बाजूनं?"

"ओट्याच्या."

मग तो म्हणाला, "बरा. खोडा."

मॅडमनी त्याच्या वकिलांशी बोलून पान बदलून घेतलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मला अजूनही राग येतो. माणसाची मालमत्ता म्हणजे फ्लॅट, सोनं आणि बँक, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी ते रकाने पाडले, आणि ओटा कशातच बसला नाही म्हणून गळून गेला. पण त्या एकपानी सारांशावर डोळे मिटून विश्वास टाकला तो मी. बायकांच्या कामाची कुठे नोंद होत नाही, असं दर आठ मार्चला छापणारी मी.

सह्यांसाठी कागद पुढे केले तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "ताई, आता सगला वाचा. पयल्या पानाशी."

वाचलं. सहाव्या पानावर सासू खुर्चीतच पेंगली. मॅडमनी पंखा तिच्याकडे वळवला. अकराव्या पानावर सुनेने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो परत." ते कलम तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि मगच सही केली.