वीस दिवसांचा खाडा

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी आमच्या घरातून दोन दिशांना माणसं निघाली. माय आणि वडील, म्हणजे आमचे दादा, मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला पश्चिमेकडे गेले. मी केजच्या स्टँडवरून विद्यापीठाच्या शहराची एसटी धरली. एम.ए.चं पहिलं वर्ष होतं. "आमी कारखान्यावर, तू कालेजात. घराला कोन उचलून नेतंय? तू नीट शिक," माय म्हणाली.

आमच्या शाळेतल्या सरांच्या वडिलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागलं होतं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं म्हणून माझ्यासारखीला एसटीच्या अंतरावर एम.ए. करता आलं. हे आज कळतं. तेव्हा मला फक्त लाज कळत होती. हॉस्टेलवर कुणी आईवडिलांचं विचारलं की मी "शेती" म्हणायची आणि विषय बदलायची.

जानेवारीत मायला ताप भरला, उतरेचना. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला काम मिळत नाही. दादांच्या जोडीला मी गेले. वीस दिवसांनी परतले तर हजेरी कमी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवलेला. विभागप्रमुखांना सांगितलं, चुलत भावाचं लग्न होतं. त्यांनी माझ्या चिरलेल्या बोटांकडे पाहिलं. "लग्नात ऊस बराच होता वाटतं," एवढं म्हणून त्यांनी सही केली. तरीही मी खरं बोलले नाही.

आता मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलाच्या जिल्ह्यात नव्याने निघालेल्या विद्यापीठात शिकवते. आले तेव्हा भाड्याच्या चार खोल्या होत्या आणि ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. आता इमारत आहे, वाय-फाय आहे, लिफ्टसुद्धा आहे, चालू होईल तेव्हा होईल. गावाकडे राहिलेल्या मैत्रिणी विचारतात, तिकडं खातीस काय? सगळा भातच. ज्वारीचं पीठ मी सुट्टीत केजहून बांधून आणते आणि पुरवून पुरवून खाते.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या सरिताचा फॉर्म हजेरीपायी अडकला. वर्ष बुडालं असतं तर घरच्यांनी तिचं लग्नच उरकलं असतं. हजेरीच्या समितीत मीही होते, तिच्या मीटिंगमध्ये सरिताला बोलावलं. "मोहफुलं वेचाले गेली होती, मॅडम. माय एकटीच होती," ती म्हणाली. मान खाली नाही, आवाज बारीक नाही. मला तिचा हेवाच वाटला.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मला राहवलं नाही. "सर, सवलतीचाही नियम आहे. मी एम.ए.ला असताना वीस दिवस ऊस तोडत होते. माझा फॉर्म सुटला म्हणून आज या खुर्चीत बसले आहे." चहा आला, गार झाला. शेवटी सरिताचा फॉर्म सुटला.

इतकी वर्षं केज माझं गाव होतं, ते मी फॉर्मवर लिहीत होते. घर मात्र मी लपवूनच ठेवलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा उघड माझं झालं.

संध्याकाळी मायला फोन करून सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "समद्यांफुडं सांगितलंस? मंग आता मी आले तर चालंल का तिकडं?"

इतक्या वर्षांत मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं.