जाळ्या हुंगणारे मामा

निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य नुसत्या नाकाच्या जोरावर जगलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. फौजेतल्या मेसच्या भटारखान्यात बावीस वर्षं काढून मामा साताऱ्याला परतले. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत हमरस्त्यावरच्या हॉटेलांनी भट्ट्यांवर पत्र्याची मोठाली धुराडी बसवायला नुकती सुरुवात केली होती. धुरातलं तेल अडवायला त्यांच्या तोंडाशी जाळ्या असतात. त्या वेळेवर धुतल्या नाहीत तर एक दिवस साचलेलं तेल पेट घेतं. मामांनी हे धुण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. मी मॅनेजर होतो त्या हॉटेलात ते दर गुरुवारी सकाळी सायकलवरून यायचे, कडक इस्त्रीची खाकी पँट घालून, जणू कर्नलसाहेब तपासणीला येणार आहेत.

धुणं हे निमित्त. खरं काम हुंगण्याचं. जाळी काढली की मामा ती दोन्ही हातांत धरून मागच्या आवारात उन्हात न्यायचे, डोळे मिटायचे आणि नाक लावायचे. मग पाच-दहा मिनिटं माणूस या जगात नसे. पलीकडे अजिंक्यताऱ्यावरून ढगाची सावली सावकाश सरकत असे आणि मामा झोपेत बोलल्यासारखे म्हणत, "जावईबापू, सोमवारी मिरची भजी झाली बगा. तेल तिसऱ्यांदा तापवल्यालं." आचारी कान पकडायचा. सांगलीच्या जाळ्यांना मागून हळदीचा वास येतो, असंही त्यांचं ठाम मत होतं. एकदा तिकडे गेलो असताना मी मुद्दाम नाक खुपसून पाहिलं, तर नाकाला नुसती काजळी लागली. "तुमास्नी न्हाई यायचा त्यो," मामा म्हणाले, माझी कीव आल्यासारखे. एकदा तर काम लवकर उरकावं म्हणून मी शहाणपणा केला. मामा साधा धुण्याचा सोडा वापरायचे, मी ॲल्युमिनियमच्या जाळ्या जहाल कॉस्टिक सोड्यात बुडवल्या. तासाभरात सगळ्या काळ्याठिक्कर! मामा दोन गुरुवार माझ्याशी बोलले नाहीत. बायकोही बोलली नाही, ते वेगळंच.

मग एका हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली ती महिनाभर हटेना. त्यानंतरही हुंगणं चालू होतं आणि सांगणंही अचूक होतं. अशाच एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि नाकात गॅस भरला. शेगडीची एक चावी अर्धी उघडी होती, आणि तिच्यापुढे मामा पाणी तापवायला काडी ओढायच्या बेतात! मी धावत जाऊन काडेपेटी हिसकावली, चावी बंद केली आणि त्यांना ओढतच बाहेर आणलं.

"आवं, काय झालं काय?" ते विचारत राहिले. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं.

मागोमाग आलेला आचारी चाचरत म्हणाला, "सायेब, दोन म्हैनं झालं, मामा आदी मलाच इचारत्यात काय काय तळलं, आन् मग वास घेत्यात. म्हटलं, म्हाताऱ्या मानसाचा मान ऱ्हाऊ द्यावा."

मामा पायरीवर बसले. "वास गेला, जावईबापू. पार गेला. पर कुनाला सांगू नगासा. हितं यायचं बंद झालं तर गुरवारी मी करू काय?"

मला रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मालकांना कळतं तर मामांना हॉटेलचं फाटक कायमचं बंद झालं असतं, आणि आत जाऊ देणं माझ्याही जिवावर आलं होतं. "यापुढं भट्टीपाशी जायचं नाही," मी आवाज कडक करून म्हणालो. "पाणी आचारी तापवून देईल. जाळ्या मी काढून आणीन, तुम्ही इथं धुवायच्या."

पुढच्या गुरुवारी मी पहिली जाळी आणून दिली. मामांनी ती सवयीनं नाकापर्यंत नेली, थांबले आणि माझ्या हातात परत ठेवली.

"तुमी सांगा."

मी नाक लावलं. जळक्या तेलापलीकडे मला काही म्हणजे काही येईना. मामा डोळे मिटून उन्हात उभे होते.

"मेथी आहे," मी म्हणालो. "आणि लसूण."

"करपल्याला, का तांबूस?"

"तांबूस," मी बेधडक सांगितलं. त्या आठवड्यात आमच्याकडे मेथी आलीच नव्हती. मामांनी खोल श्वास घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.