उभ्या गाडीची खटखट

रामकिशन मिस्त्रीला कुणी विचारलं असतं, की बाबा तुझा जीव कशात हाय, तर त्यानं आधी खिसे चाचपून बघितले असते. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं आणि माणूस नुसता चालू होता. उठायचा, चहा करायचा, तो गार झाला की प्यायचा. देवणीच्या बाजारात जायचा आणि रिकामी पिशवी घेऊन घरी यायचा.

तसा आधी बोलका गडी. उदगीरच्या एसटी डेपोत सगळी नोकरी मेकॅनिक म्हणून काढली, आणि ड्रायव्हर लोकांना शिव्या घालत काढली. पुढं मांडीचं हाड मोडलं. ते लवकर जुळेना, म्हणून सगळं साल नांदेडला लेकाच्या घरी खाटेवर गेलं. दारात गाय होती, तिच्यापायी बायको सरजाबाई देवणीतच राहिली. आणि एक दिवस शेजारणीशी बोलता बोलता उंबऱ्यात बसली, ती बसलीच.

रामकिशनला गाडीत घालून आणलं. रडू काही आलं नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलत होते, तेव्हा हा विहारातल्या पंख्याचं बेरिंग वाजतंय ते ऐकत बसला होता. बाया कुजबुजल्या, दगडाचा हाय म्हातारा. महांतेशनं एकदा त्याला एकट्यात गाठलं. महांतेश म्हणजे डेपोतलाच जोडीदार, गल्लीच्या टोकाला राहणारा, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मऊ. तो म्हणाला, "रड की रे एकडाव. मोकळा हो."

"आडातच न्हाई अप्पा, तर पोहऱ्यात कुठून येईल?" रामकिशन म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. पण त्याचीच त्याला भीती बसली होती. एवढा संसार केला, आणि त्या बाईचं आपल्याला काहीच वाटू नये? आपण माणूस हाव का कोण हाव?

लेक अश्वजित नांदेडला बँकेत. त्याचा दर रविवारी फोन. "बाबा, घराला कुलूप लावा अन् इकडं या." बापाला हो म्हणवेना आणि नको म्हणायलाही जोर येईना. शेवटी त्यानं सगळा निकाल गाडीवर टाकला. "पत्र्याखाली अँबेसिडर उभी हाय. ती नीट चालली तर मी इथंच राहतो. न्हाई चालली तर तिला भंगारात घाल अन् मला तिकडं ने." आता जुन्या गाडीवर कुणी आपलं म्हातारपण टाकतं का? पण हा टाकून बसला.

गाडी सरकारी लिलावातली. तिचं इंजिन रामकिशननं स्वतःच्या हातानं बांधलेलं. वस्तीतला नवरदेव हिच्यातच बसायचा, जयंतीच्या मिरवणुकीत पुढं हीच असायची. हाड मोडल्यापासून तिला कुणी चालू केलं नव्हतं.

अश्वजित टेम्पो घेऊन येणार होता त्या सकाळी महांतेशनं नवी बॅटरी आणून लावली, पेट्रोल बदललं. रामकिशन आत बसला आणि चावी फिरवली. गाडी खोकली, धूर सोडला, आणि धरली. धरली तशी खटखट सुरू झाली. खट, खट, खट. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

रामकिशननं घटकाभर ऐकलं आणि चावी बंद केली. "बेरिंग गेलं," म्हणाला. "बोलाव भंगारवाल्याला."

खालचं बेरिंग गेलं म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं, आणि इतक्या जुन्या इंजिनाचा माल आता मिळायचा कुठं? म्हणजे गाडी गेली. म्हणजे घराला कुलूप. रामकिशन खाली उतरला, हात पुसले आणि ओट्यावर जाऊन बसला. त्याला वाईटही वाटलं नाही. टेम्पो यावा, काय न्यायचं ते न्यावं, आणि सगळं एकदाचं उरकावं, एवढंच वाटत होतं.

महांतेश मात्र खवळला. "काय रे मिस्त्री! डेपोत कुणी एवढ्या ऐकण्यावर बेरिंग गेलं म्हटला असता, तर तू पाना फेकून मारला असतास. वायर काढून बघितलीस का?"

"काय बघायचं त्यात?"

"मी बघतो. तू बस मुडद्यासारखा."

त्यानं गाडी पुन्हा चालू केली आणि बॉनेट उघडून एकेका प्लगची वायर काढून बघायला लागला. यात मोठी विद्या नाही. वायर काढली की त्या पिस्टनवरचा भार जातो, आणि खालचं बेरिंग गेलेलं असलं तर खटखट तिथंच दबते. महांतेशनं पहिली काढली, लावली. दुसरी काढली. सगळ्या झाल्या. गाडी लंगडली, थरथरली, पण खटखट होती तशीच. एकदाही दबली नाही.

"ऐकू येऊन राहिलं का?" महांतेश ओरडला. "खालचं न्हाई हे. वरचं हाय! व्हॉल्व्हचं!"

"असंल," रामकिशन ओट्यावरून म्हणाला.

महांतेशनं कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी! त्यानं येऊन रामकिशनचा दंड धरला, त्याला उठवलं, गाडीपाशी नेऊन उभा केला आणि हातात पाना दिला. "तू बांधलेलं इंजिन हाय. झाकण तूच उघड."

रामकिशननं इंजिनावरचं झाकण उघडलं. हाताला सवय होती म्हणून उघडलं, बाकी काही नाही. आत काळं तेल दिसायला पाहिजे. तिथं पिवळट, चिकट थर बसलेला. तेलाच्या बरणीखाली फळीवर बसतो ना, तसला. व्हॉल्व्हच्या दांड्या त्यात चिकटलेल्या. एक तर पुरती वर येतच नव्हती, म्हणून वरचा दांडा तिच्यावर आपटत होता. तीच खटखट.

आणि इंजिन तापलेलं होतं, त्यामुळं वास उठला.

महांतेशनं नाक ओढलं. "आरं, हे तर करडईचं तेल! इंजिनात भजी तळलीस का काय?"

नांदेडच्या खाटेवरून रामकिशननंच एकदा फोनवर सांगितलं होतं, उभी गाडी कोरडी पडती, अधूनमधून वरून तेल सोडत जा. आणि सरजाबाई म्हणाली होती, "काळजी नका करू. पुनवेच्या पुनवेला विहारातून आले की घालून राहिले." कोणतं तेल, हे त्यानं विचारलं नाही. कोण विचारील? इंजिन ऑइलचा डबा तिथंच फळीवर होता. तो आता बघितला तर सीलही तुटलेलं नव्हतं.

विकतचं तेल म्हणजे भेसळ, हे सरजाबाईचं ठाम मत. घाण्यावर स्वतः बसायचं, डोळ्यांदेखत करडई काढून आणायची, ते तेल खरं. लेकराच्या टाळूला तेच, नवऱ्याच्या गुडघ्याला तेच, गाईच्या खुराला तेच. मग नवऱ्याच्या गाडीला डब्यातलं काळं तेल ती कशाला घालील? घरात चांगलं होतं ते तिनं घातलं होतं.

रामकिशनच्या हातातला पाना खाली पडला. तो घराच्या दाराकडं वळला आणि एकदम ओरडला, "येडी का खुळी तू? आगं इंजिन हाय ते, लोणचं हाय का? फळीवर डबा भरून ठेवला होता, तो दिसला न्हाई तुला? सांगावं एक, करावं भलतंच! एकडाव इचारायचं तरी माणसाला! सरजे! ए सरजे!"

त्याचा आवाज फाटला, आणि तो गाडीवर वाकून हमसून हमसून रडायला लागला. महांतेशनं हात पुढं केला, परत मागं घेतला, आणि पाठ फिरवून आपले डोळे पुसत उभा राहिला. बिचाऱ्याला तरी काय सुचणार?

तेवढ्यात अश्वजितचा फोन आला. "बाबा, देगलूरला पोचलो. टेम्पो संगं हाय. गाडीचं काय झालं?"

"टेम्पो माघारी धाड," रामकिशन नाक ओढत म्हणाला. "तू ये. येताना डबाभर डिझेल आण, धुवावं लागतंय सगळं. तुझ्या आईनं काय करून ठेवलंय माहीत हाय का? इंजिनात करडई वतली रे तिनं! पुनवेच्या पुनवेला!"

अश्वजित म्हणाला, "तिला काय कळणार बाबा, इंजिनातलं."

"कळत कसं न्हाई?" रामकिशन रडत रडत त्याच्यावर खेकसला. "तू गप. तू जलमभर तिचीच बाजू घेतलीस."