बंदराच्या गेटावर मांडवाची तार

परदेशी कंपन्यांना आपली बंदरं चालवायला द्यावीत की नाही, यावर दोन हजार सहा साली आमच्या गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी दिल्लीतही झाली नसेल. बंदर चालवणारी एक परदेशी कंपनी दुसऱ्या देशातल्या कंपनीनं विकत घेतली, अशी बातमी पेपरात आली होती. आमचं गाव लेण्याद्रीच्या पायथ्याला. समुद्र बघायचा तर आख्खा घाट उतरावा लागतो. तरी सलूनमध्ये अर्ध्या दाढीला साबण वाळेपर्यंत माणसं देशाच्या सुरक्षेची काळजी वाहत होती. शेवटी कोणीतरी म्हणायचं, भगवंताला रजेवर येऊ द्या, मग बोलू. की उरलेली दाढी पुढं चालू.

भगवंतकाका म्हणजे ठमाबाईंचा थोरला मुलगा. बौद्धवस्तीतलं कडेचं घर, आणि त्यांच्या रानाचा बांध आमच्या बांधाला लागून. केंद्राच्या सुरक्षा दलात नोकरी, नेमणूक न्हावाशेवा बंदराच्या गेटावर. रजेवर आले की गणवेश खुंटीला आणि पकड लेंग्याच्या खिशात. आईची द्राक्षबाग लहानशी, पण तिच्या मांडवाच्या तारा वीणेसारख्या ताणलेल्या. तार जोडायची त्यांची एक तऱ्हा होती. पीळ उलटा द्यायचा आणि टोक आत दुमडायचं, म्हणजे घडाला ओरखडा पडत नाही. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा पीळ त्यांच्याकडूनच उचलला. शिकवलं कोणी हे मात्र आण्णा चारचौघांत कधी सांगत नसत.

नव्वदच्या दशकात आमची द्राक्षं मुंबईच्या बाजारापलीकडं जात नव्हती. बंदरात जहाजं क्रेनची वाट बघत उभी राहायची, आणि नासणारा माल कोण पाठवणार? पुढं एका परदेशी कंपनीनं तिथं स्वतःचा धक्का बांधला, उंच क्रेन उभ्या केल्या आणि माल पटापट जहाजावर चढू लागला. हे काकांनीच रजेवर आल्यावर सांगितलं. तेव्हापासून आण्णांना झोप नव्हती. दोन हजार दोनच्या हंगामात त्यांनी आणि चार शेजाऱ्यांनी मिळून पहिला कंटेनर भरला. पाचही घरांचं वर्ष त्या एका थंडगार डब्यात होतं.

नारायणगावच्या पॅकहाउसवर माल पेट्यांत भरून झाला, सरकारी साहेब आले, त्यांनी दाराला सील लावलं आणि चहा घेऊन गेले. ट्रेलर सुरू झाला आणि आण्णांनी कपाळाला हात लावला. पूजा राहिली होती. आमच्याकडं नवी सायकलसुद्धा नारळ फोडल्याशिवाय अंगणाबाहेर पडत नाही, इथं तर द्राक्षं समुद्रापार निघालेली. नारळ काय, चाकापुढं फोडता आला असता. पण लेण्याद्रीच्या गणपतीची, गिरिजात्मजाची तसबीर मालाबरोबर आतच हवी, हा आण्णांचा हट्ट. ट्रेलर थांबवून त्यांनी खिशातली पकड काढली, सीलची तार तोडली, दार उघडून तसबीर आत टांगली, सगळ्यांनी हात जोडले. मग मांडवाच्या तारेचा तुकडा घेऊन आण्णांनी सील पुन्हा जोडून टाकलं. काम इतकं सफाईदार की स्वतःच दोनदा मान डोलावली.

आम्ही जीपनं मागोमाग निघालो. गेटावर आपलाच माणूस, मग काळजी कसली? आण्णांच्या मांडीवर त्याच्यासाठी पेढ्यांचा पुडा होता.

दुपारी बंदराच्या रांगेत काका एकेक ट्रेलर बघत येत होते. आमच्या ट्रेलरच्या दाराशी थांबले. आण्णांनी जीपमधून हात हलवला. काकांनी तिकडं बघितलंच नाही, नुसतं तारेवरून बोट फिरवलं. मग जीपपाशी आले.

"आण्णा, हा पीळ आपल्या मांडवाचा हाय."

"हाय की. तुझाच न्हाई का? गणपती ठेवलाय आत, दुसरं काय केलं? आत द्राक्षं हायेत, तुला ठावं हाय. जाऊ दे पुढं."

"मला ठावं हाय, आण्णा. सीलला ठावं न्हाई."

त्यांनी वरिष्ठांना वर्दी दिली आणि ट्रेलर बाजूला घ्यायला लावला. कस्टमचे साहेब येणार, सगळा माल उघडून तपासणार, आणि जहाज संध्याकाळी सुटणार. दार जितका वेळ उघडं, तितकी द्राक्षं तापणार. आण्णांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. धक्का परक्यांचा, क्रेन परक्यांच्या, जहाज परक्यांचं, त्यांना चालतंय आणि आपल्याच गावच्याला चालत नाही, असं ते रांगेतल्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले.

काका रागावले नाहीत. आण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आण्णा, तुमी दर साली मेंढरं बसवता रानात. बाहेरगावचा मेंढका येतो, खत आपल्याला मिळतं, आपण त्याला धान्य देतो. लई जिवाभावाचा हाय तो. पर मेंढरं कोंडायची वाघर कुठं लावायची ते कोण सांगतं?"

"मी सांगतो."

"आन् विहिरीच्या अंगाला?"

"तिकडं न्हाई लावू देत."

"मग? ही कंपनी आपला मेंढका. येऊ दे, चांगलं काम करतीया. मी विहिरीपाशी उभा हाय. आज तुमाला सोडलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवू?"

पेढ्यांचा पुडा आण्णांच्या मांडीवर तसाच राहिला.

कस्टमवाल्यांनी पेट्या काढून बघितल्या, पुन्हा लावल्या, नवं सील मारलं. मधे कंपनीचा एक गोरा साहेब येऊन गेला. काकांनी मोडक्या इंग्रजीत द्राक्षांची अडचण सांगितली. माझं कॉलेजातलं इंग्रजी मदतीला तयार होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही. साहेबानं घड्याळ बघितलं आणि आमचा डबा शेवटी चढवायचं कबूल केलं. दिवे लागायच्या वेळी क्रेननं तो खरंच उचलला. आण्णा मान वर करून बघत राहिले, टोपी मागं पडली तरी.

महिन्याभरानं निर्यातीच्या एजंटाचा फोन आला. माल पसंत पडला होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, की तिकडं हल्ली सील फार कडक बघतात. अमेरिकेतल्या त्या इमारती पडल्यापासून जोडलेलं सील दिसलं, तर माल उतरवूनही घेत नाहीत. आण्णांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवताना कोणाच्याही भाजीला नावं ठेवली नाहीत.

काका पुढच्या रजेवर आले ते तसबीर घेऊन. तपासणीत ती बाहेर काढावी लागली होती. तेव्हापासून चौकीच्या खिडकीत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, त्यांनी ती रोज पुसून ठेवली होती. आण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पकड घेऊन ते ठमाबाईंच्या बागेत हजर. दिवसभर तारा ताणल्या. दुपारची भाकरी तिथंच खाल्ली, आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की हा पीळ भगवंताचा, मी त्याच्याकडून शिकलो.

त्यामुळं दोन हजार सहाच्या चर्चेत काका रजेवर आल्यावर त्यांना बोलायची वेळच आली नाही. सलूनमध्ये आण्णांनीच मेंढरांची गोष्ट सांगितली, आणि ती आपलीच असल्यासारखी सांगितली. कोपऱ्यात बसलेले काका पेपर वाचत राहिले.

आता पॅकहाउसवर पूजा आधी होते. सील लावायला साहेब आले, की आण्णा त्यांच्याच हातात नारळ देतात. आणि पहिला पेढा बाजूला काढून ठेवतात, न्हावाशेव्याच्या गेटासाठी.