पिंपाशेजारची खुर्ची

माझी मुलगी बिअर करते. आज हे सहज लिहिलं, पण तोंडातून बाहेर पडायला दोन वर्षं लागली. इथल्या मराठी मंडळात कुणा काकूंनी विचारलं की "फूड टेक्नॉलॉजीत असते" म्हणायचं आणि लगेच भाजीत मीठ बरोबर आहे ना ते विचारायचं, अशी माझी पद्धत. इंजिनिअर झालेली पोरगी नोकरी सोडून पिंपं धूत बसते! डोक्यात तिडीक जायची नुसती.

त्यात बिअरही साधी नाही. जुन्या इंग्लिश पद्धतीची, पिंपातच शेवटपर्यंत मुरणारी. वरून गॅस सोडायचा नाही, बर्फासारखी गार करायची नाही, आणि पिंप उघडलं की तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबून जातं. "इट्स अलाइव्ह, आई," ती म्हणायची. ही जिवंत बिअर पबवाल्यांच्या गळी उतरवायला ती आमच्या पिस्कॅटवे गावभर हिंडली. दोन पबनी पिंपं परत पाठवली. कोमट आहे, फेस नाही, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. तिसरा पब युनिव्हर्सिटीजवळचा. तिथला म्हातारा मालक म्हणाला, एक पिंप ठेव. शुक्रवारी उघडू. रविवार संध्याकाळपर्यंत रिकामं झालं तर तुझी बिअर ओढायचा हातपंप माझ्या बारवर कायमचा बसेल, नाही झालं तर पुन्हा येऊ नकोस.

"हे नाही जमलं तर मी सोडून देणार," ती घरी येऊन म्हणाली. चक्क मराठीत. एरवी माझ्याशी बहुतेक इंग्लिशमध्येच बोलणारी ही. खरं सांगते, आधी मनात आलं, सोडू दे, सुटलो. मग तिचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली.

बुधवारी तिने पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवलं. गाळ खाली बसायला निदान एक दिवस तरी ते तसंच पडून राहायला हवं. शुक्रवारी दुपारी तिला दुसरं काम होतं, म्हणून मला म्हणाली, "पिंपावरचं फडकं फक्त ओलं करून ये." फडकं ओलं, आतला माल माठातल्या पाण्याइतका गार. एवढं तर मलाही कळत होतं.

ते तळघर अजून डोळ्यांपुढे आहे. वर एक छोटी खिडकी, तिच्यातून ऑक्टोबरचं पिवळं ऊन पिंपावर सांडलेलं. वरून पावलांचे आवाज, पण लांबून येणारे, दुसऱ्याच गावातले वाटावेत असे. पिंपाच्या पोटावर आतला वायू सुटायला एक लाकडी खुंटी ठोकलेली होती, तिच्यातून बारीक श्वास आल्यासारखा फुसफुस आवाज येत होता. मी फडकं भिजवलं, पिळलं, पसरलं आणि शेजारच्या खुर्चीत बसले. ओल्या कापडाचा, धान्याचा वास. माझे डोळे मिटले. कधी नव्हे ते मला त्या पिंपाबद्दल माया वाटली. झोपलेल्या बाळाशेजारी बसावं तशी मी किती वेळ बसले कोण जाणे.

आणि उठताना मी घात केला. मनात आलं, दोन दिवस पडलंय, चांगलं सगळं तळाशी बसलं असेल. सोलकढी काय, ताक काय, पन्हं काय, ढवळल्याशिवाय आपण कधी कुणाला दिलंय का? वरचं पाणी पाहुण्याला आणि चव भांड्यात, असं कसं चालेल? मी दोन्ही हातांनी पिंप धरलं आणि चांगलं डोलवलं. चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. खुंटीतून फेस आला. म्हटलं, वा! आयुष्यभर औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम केलेली बाई मी. कपाळ माझं!

संध्याकाळी पाचला माझ्यादेखत तिने बारवरच्या पंपाचा दांडा ओढला. ग्लासात चिखल. दुसरा ग्लास, तोही तसाच. ती पांढरीफटक पडली आणि मग मालकावर उसळली, तुमच्या माणसांनी पिंप हलवलं! मालक लालबुंद झाला. म्हणाला, माझ्या माणसांना काही बोलायचं नाही, उचल तुझं पिंप.

गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

"मी हलवलं," मी म्हणाले. "ढवळून द्यावं म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर पार्किंगमध्ये निघून गेली. मालकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, मग तुम्हीच सांगा गिऱ्हाइकांना.

सांगितलं की! कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, येईल त्याला सांगितलं. ही बिअर माझी मुलगी करते. एकटी करते. झकास करते. आज मी नासवली, उद्या दुपारी गाळ बसेल, उद्या या. लोक हसले. एकाने तशीच गढूळ मागून प्यायली. माझी जीभ एकदा सुटली की सुटली, मी त्यांना माठ समजावला, ताकसुद्धा समजावलं. मागे वळून बघितलं तर मुलगी दारात उभी होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी ग्लास उन्हात धरला तर आतलं कोऱ्या चहासारखं स्वच्छ. मी पहिल्यांदा एक घोट घेतला. आधी कडू, मग मागून खरपूस भाकरीची चव. शुक्रवारची माणसं परत आली, आपल्या माणसांना घेऊन आली. रविवारी चारच्या सुमाराला पंपाने नुसती हवा ओढली. मालक खाली गेला, पिंपावर बोटं वाजवून आला आणि म्हणाला, बुधवारी दुसरं आण.

घरी येताना गाडीत तिने रेडिओ मोठ्याने लावला. म्हटलं, आता आपल्याला त्या तळघराची पायरी बंद.

पुढच्या गुरुवारी तिने जेवताना माझ्यापुढे तळघराची किल्ली ठेवली. "उद्या दुपारी जाशील? फडकं ओलं करायला?"

मी गेले. फडकं भिजवलं, पिळलं, पसरलं. तीच खुर्ची, तेच ऊन, तीच फुसफुस. आणि मग ती येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.